एक बाई, सात वह्या



आजचा विषय ऐकून कोणी रेडिओ बंद करू नका. विषय आहे डेटा आणि सॉफ्टवेअर. हे मोठ्या कंपन्यांचं काम, आपला काय संबंध, असं वाटेल. आधी एक हिशोब करू. तुमचं नाव किती वह्यांमध्ये आहे? आधारमध्ये आहे, मतदार यादीत आहे, रेशनकार्डावर आहे, बँकेच्या पासबुकात आहे, बचत गटाच्या रजिस्टरात आहे. नशीब चांगलं असेल तर सातबाऱ्यावर आहे, आणि सोसायटीच्या सभासद यादीत आहे. झाल्या की सात वह्या. आता या सातही ठिकाणी तुमचं नाव एकसारखं लिहिलेलं आहे का?

बहुतेक जणींचं नसतं. त्या फरकामुळे कोणाची कर्जमाफी अडते, कोणाचे दीड हजार रुपये थांबतात, कोणाचा कापूस खरेदी केंद्रावर घेतला जात नाही. कंपन्यांमध्ये या दुखण्यावर उपाय करायला मोठमोठ्या पगाराची माणसं ठेवतात. आपल्याकडे ते दुखणं दीडशे वर्षांपासून आहे. त्याचाच इतिहास आज सांगते.

आपला मारेगावचा भाग म्हणजे वऱ्हाडचं अगदी पूर्वेचं टोक. १८५३ साली निजामाने तह करून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. आपल्या जिल्ह्याला तेव्हा यवतमाळ म्हणत नव्हते. १९०५ पर्यंत जिल्ह्याचं नाव वणीवरून होतं, आणि इंग्रजांच्या कागदात ते 'वून' असं लिहिलं जायचं. पाहा, नावाचा घोळ तिथूनच सुरू होतो. १८६० नंतरच्या दशकात इंग्रजांनी मुंबई इलाख्याच्या पद्धतीने वऱ्हाडात जमिनीची मोजणी चालवली. साखळी घेऊन माणसं वावरा-वावरात फिरली. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. आजही आपण गुंठ्यातच बोलतो. प्रत्येक तुकड्याला नंबर मिळाला, नंबरासमोर कर भरणाऱ्याचं नाव लागलं आणि ते सगळं पटवाऱ्याच्या दप्तरात जाऊन बसलं.

हे दप्तर म्हणजे लाल कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. पटवारी उठला की गठ्ठा त्याच्या काखेत उठायचा. गावात शंभर घरं असली तरी तो गठ्ठा वाचता येणारी माणसं दोन-चार. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या सुमारास 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा त्यांचा मोठा राग याच गोष्टीवर होता. कुणब्याच्या जमिनीची नोंद असते, पण ती त्याला वाचता येत नाही, आणि वाचणारा त्याचा फायदा घेतो.

त्या वह्यांमध्ये बाईचं नाव क्वचितच असायचं. कर कोण भरणार एवढंच सरकारला हवं होतं, म्हणून घरातला कर्ता पुरुष लिहिला की काम भागलं. वही ज्याने बनवली त्याला जे हवं तेवढंच वहीत आलं. संगणकात तरी दुसरं काय होतं? ज्याने रकाने ठरवले त्याच्या गरजेप्रमाणे माहिती भरली जाते. रकाना नसेल तर माणूसही नसतो.

दुसरी वही सावकाराची. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला, आणि ते लोण नगर जिल्ह्यापर्यंत पसरलं. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. शेतकऱ्यांना पैशांपेक्षा कर्जरोखे आणि वह्या हव्या होत्या. त्या हाती आल्या की जाळायच्या. बहुतेक ठिकाणी कागद मिळाल्यावर माणसाला हात लावला गेला नाही. आपलं मरण त्या कागदात आहे, हे न शिकलेल्या माणसालाही बरोबर कळलेलं होतं.

सरकारने चौकशी समिती नेमली आणि १८७९ साली दख्खन शेतकरी मदत कायदा केला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी होता, आपल्या वऱ्हाडासाठी नव्हता. पण त्यातली एक गोष्ट आपण लक्षात ठेवावी अशी आहे. पैसे दिल्यावर पावती मागण्याचा, वर्षाचा हिशोब लिहून मागण्याचा आणि पासबुक मागण्याचा हक्क त्यात कर्जदाराला दिला होता. आपलं नाव ज्याच्या वहीत आहे त्याच्याकडून नक्कल मागता येते, ही गोष्ट कायद्याने मान्य केली. गटाचं पासबुक हातात घेताना मला हे नेहमी आठवतं. ते पुस्तक कोणी उपकार म्हणून दिलेलं नाही.

मग आली सोसायटीची वही. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि गावागावात सोसायट्या निघू लागल्या. आज आपण जिला विविध कार्यकारी सोसायटी म्हणतो ती त्याच झाडाची फांदी. वर जिल्हा मध्यवर्ती बँक, तिच्या वर राज्य सहकारी बँक, आणि १९८२ पासून सगळ्यांत वर नाबार्ड. खाली मात्र सगळा भार गटसचिवाच्या अंगावर. रोज झालेला व्यवहार किर्दीत उतरवायचा, मग तिथून ज्याचा त्याच्या नावावर खतावणीत न्यायचा. किर्द म्हणजे दिवसाची वही आणि खतावणी म्हणजे माणसाची वही. दोन्हींचा मेळ बसला पाहिजे. एका सचिवाकडे अनेकदा दोन-तीन सोसायट्या, म्हणजे किर्दीही तेवढ्याच. आपल्या गटातही हेच करतो ना आपण? फक्त नावं सोपी ठेवली आहेत.

आता जरा वावराबाहेर जाऊ. १९७० साली अमेरिकेत आयबीएम कंपनीत एडगर कॉड नावाचा एक गणिती होता. त्याने एक निबंध लिहिला. तेव्हा मोठ्या कंपन्यांच्या संगणकांतही एकाच माणसाची माहिती दहा ठिकाणी लिहिलेली असायची. एका ठिकाणी पत्ता बदलला तर बाकी ठिकाणी जुनाच राहायचा. कॉडने सांगितलं की माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, प्रत्येक नोंदीला एक खूण द्या, आणि दुसरीकडे गरज पडली तर पूर्ण माहिती पुन्हा न लिहिता फक्त ती खूण लिहा. दोनच वर्षांनी, १९७२ साली, जर्मनीत आयबीएममधूनच बाहेर पडलेल्या पाच जणांनी सॅप नावाची कंपनी काढली. कारखान्याचा माल, पगार, विक्री, हिशोब हे सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये जोडायचं, ही त्यांची कल्पना. अशा सॉफ्टवेअरला पुढे ईआरपी म्हणायला लागले. आपल्या देशात १९८६ च्या सुमारास बंगळुरूच्या गोयंका पिता-पुत्रांनी टॅलीची सुरुवात केली. आज तालुक्याच्या गावातला व्यापारीसुद्धा 'टॅली करून देतो' म्हणतो.

त्या ईआरपीचं नाव आज आपल्या सोसायटीच्या दारापर्यंत आलं आहे. तिथे शेवटी येते. मध्ये बाईच्या नावाची गोष्ट आहे, आणि ती पटकन उरकण्यासारखी नाही.

समजा, एक मुलगी आहे. माहेरी तिचं नाव मंदा, मधलं नाव वडिलांचं, आडनाव वडिलांचं. शाळेच्या दाखल्यावर हेच. लग्न झालं. सासरी तिचं नाव ठेवलं वैशाली, मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव सासरचं. रेशनकार्डावर वैशाली आली. मतदार यादीत वैशालीबाई झाली. आधार काढताना दाखला माहेरचा होता म्हणून मंदा राहिली, पण आडनाव सासरचं लागलं. बँकेत इंग्रजीत नाव लिहिताना स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं. गटात सगळ्या जणी तिला वैशू म्हणतात, तेच पहिल्या पानावर चढलं. पुरुषाचं नाव जन्मापासून मरेपर्यंत एकच. म्हणून पुरुषाला डोळ्यासमोर ठेवून ज्यांनी रकाने बनवले त्यांना हा प्रश्न सुचलाच नाही. यंत्राच्या दृष्टीने मंदा आणि वैशाली या दोन वेगळ्या बायका आहेत, आणि कधी कधी त्यातली एकही खरी नाही.

रेशनकार्डात तर गंमत आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख धरली. म्हणजे धान्याच्या वहीत ती घरची मालकीण, आणि त्याच घराच्या सातबाऱ्यात ती कुठेच नाही.

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ एकत्र. सातमध्ये जमीन कोणाची आणि तिच्यावर कोणाचे हक्क, बारामध्ये पीक कोणतं. १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आणि १९७१ चे नियम यांवर हा सगळा डोलारा उभा आहे. जुन्या सातबाऱ्यावर वाचायला गेलात तर काही आखूड अक्षरं दिसतील. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बाप गेल्यावर थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लागायचं, त्यापुढे ही तीन अक्षरं, आणि बाकी भाऊ-बहिणी, आई त्या तीन अक्षरांत गडप. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालक कर्ता, म्हणजे नाव लागलं तेव्हा मूल लहान होतं. ते मूल पुढे आजोबा झालं तरी शेरा तसाच. बहिणींची नावं लागलीच तर बहुतेकदा बाजूच्या 'इतर हक्क' या रकान्यात.

नाव चढवण्यासाठी बायांनी काही केलं नाही असं नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं चांदवडला १९८६ साली मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम घेतली. नवऱ्याने आपल्या जमिनीतला वाटा स्वतःहून बायकोच्या नावे करून द्यायचा. पाठोपाठ १९९२ साली राज्य सरकारनेही लक्ष्मी मुक्ती योजनेचा आदेश काढला, की नवऱ्याने अर्ज केला तर बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर घ्यावं. यात एक मेख आहे. अर्ज करायचा नवऱ्याने. बाईला नुसता रकाना मिळाला, तो भरणारं बोट मात्र दुसऱ्याचं. वारसा हक्काच्या कायद्यात २००५ साली बदल झाला, ९ सप्टेंबरपासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. वनहक्क कायदा २००६ चा. त्यात वनपट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचा असं स्पष्ट लिहिलं आहे. आपल्या भागातल्या कोलाम बहिणींनी हे नीट ऐकावं. या एका कागदावर तुमचं नाव नवऱ्याच्या मर्जीवर ठेवलेलं नाही.

नाव नसल्याची किंमत आपल्या जिल्ह्याएवढी कोणी मोजली नसेल. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला एक लाखाची मदत मिळते, तिची पात्रता कागदांवर ठरते. नापिकी आहे का, बँक, सोसायटी किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज थकलं आहे का, फेडीचा तगादा होता का. गावातल्या ओळखीच्या माणसाकडून हातउसने घेतलेले पैसे कोणत्याच वहीत नसतात. ठोक्याने केलेलं वावर कोणत्याच सातबाऱ्यावर नसतं. मग यादीत एक शब्द येतो, 'अपात्र'. घरात माणूस गेलेला असतो आणि बाईला तहसीलला कागद जुळवत फिरावं लागतं.

आता संगणक. जमिनीच्या नोंदी संगणकात घालायचं काम देशात १९८८-८९ पासून सुरू झालं, पण खरा वेग २००८ नंतरच्या भूमी अभिलेख कार्यक्रमाने आला. महाराष्ट्रात सातबारे अडीच कोटींच्या आसपास. ते हाताने लिहिलेल्या पानांवरून टाईप करायचे. एकाने 'विमल' लिहिलं, दुसऱ्याने 'विमला'. कुठे ०.८१ हेक्टरचे १.८१ झाले. कुठे खोडलेल्या माणसाचं नाव परत जिवंत झालं. कंपन्यांच्या भाषेत याला डेटा मायग्रेशन म्हणतात, म्हणजे एका घरातून दुसऱ्या घरात बिऱ्हाड हलवणं. बिऱ्हाड हलवताना काय काय हरवतं ते आपल्याला सांगायला नको.

इथे सरकारने एक फार शहाणपणाची गोष्ट केली, असं माझं मत आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगाव चावडी वाचन ठेवलं. संगणकातला सातबारा मोठ्याने वाचायचा, आणि ज्याचा त्याने ऐकून चूक असेल तर तिथेच सांगायचं. जगातल्या कोणत्याही मोठ्या कंपनीकडे याहून चांगली तपासणी नसेल. ज्याची माहिती आहे त्यालाच ती वाचून दाखवायची, एवढं साधं. अडचण एकच. चावडीवर जाऊन बसायची रीत पुरुषांची. उन्हाळ्यात बाया सरपण, पाणी आणि पऱ्हाटी उपटण्यात. ज्या गावांत बाया गेल्या नाहीत तिथे त्यांची नावं कोणी ऐकली असतील?

१ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. २०२१ च्या १५ ऑगस्टला ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. तलाठ्याने बारा नंबरच्या नमुन्यात पीक लिहायचं ते आता शेतकऱ्याने आपल्या मोबाईलने वावरात उभं राहून नोंदवायचं. चांगलं आहे. फक्त मोबाईल कोणाच्या हातात आणि वावरात रेंज आहे का, हे दोन प्रश्न उरतात. छापलेल्या नव्या सातबाऱ्यात आणि जुन्या हस्तलिखितात फरक दिसला तर संहितेचं कलम १५५ लक्षात ठेवा. लिहिण्यातली चूक दुरुस्त करण्याचा अधिकार त्यात तहसीलदाराला आहे. जुन्या हस्तलिखिताची नक्कल जोडून अर्ज द्यायचा. आणि वारसाची किंवा खरेदीची नवी नोंद असेल तर ती फेरफारातून जाते. नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी ती मंजूर किंवा नामंजूर करतात. ते १५ दिवस बहिणीच्या माहेरच्या गावात सरतात आणि तिला सासरी पत्ताही नसतो, असं पुष्कळदा होतं.

याच २०१७ सालात दुसरा मोठा धडा मिळाला. जूनमध्ये दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली. सरकारने आकडा सांगितला ३४ हजार कोटींचा आणि ८९ लाख शेतकऱ्यांचा. या वेळी ऑनलाईन अर्ज, अंगठा, आधार, सगळं हवं होतं. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं, असा एकच घटक धरला. बँकांना प्रत्येक खात्याची माहिती ६६ रकान्यांत भरून द्यायला सांगितलं. विचार करा, ज्या सोसायटीत आजवर किर्द आणि खतावणी हाताने चालली, तिथल्या सचिवाने ६६ रकाने भरायचे. दिवाळीला प्रमाणपत्रं वाटली गेली, आणि त्यानंतर याद्या अडकल्या. बँकांकडून आलेली माहिती आणि शेतकऱ्यांनी भरलेली माहिती जुळेना. एकच आधार क्रमांक अनेक नावांपुढे आढळला. हिरवी यादी, पिवळी यादी असे शब्द आपल्या तोंडी तेव्हा बसले. पैसे होते, इच्छाही होती असं धरू. तरी शेतकरी महिनोन्‌महिने बँकेच्या पायरीवर बसला, कारण वह्यांचा मेळ नव्हता.

डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती आली तेव्हा रीत बदलली. अर्जच घेतला नाही. बँकेकडून यादी घेतली, गावात लावली, प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक दिला, आणि शेतकऱ्याने जाऊन फक्त अंगठा देऊन 'हो, रक्कम बरोबर आहे' म्हणायचं. फेब्रुवारी २०२० पासून याद्या लागल्या. दोन वर्षांत केवढा फरक! अर्ज घेत सुटण्यापेक्षा आधीच्या वहीतलं वाचून दाखवा आणि माणसाकडून खात्री करा. चावडी वाचनच ते, नव्या कपड्यात.

आता आपल्या घरच्या वहीकडे. महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे माविम १९७५ साली स्थापन झालं. नाबार्डने १९९२ साली देशभरात ५०० गट बँकांना जोडण्याचा प्रयोग केला, आणि उमेद अभियान राज्यात २०११ पासून आलं. गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, आणि पाचवं हिशोब लेखन. ज्यांनी ही सूत्रं ठरवली त्यांना वहीची किंमत बरोबर कळली होती. बाकी चार खरोखर झाली की नाही ते पाचव्यातच दिसतं. मार्च २०१५ मध्ये नाबार्डने ई-शक्ती नावाचा प्रकल्प दोन जिल्ह्यांत सुरू केला, झारखंडचा रामगढ आणि आपल्या राज्यातला धुळे. गटाची नोंद संगणकात घालायची आणि सभासद बाईच्या मोबाईलवर तिच्या बचतीचा, कर्जाचा संदेश पाठवायचा. आता उमेदच्या गटांसाठी लोकोस हे ॲप आहे.

ॲप आलं म्हणून रजिस्टर रद्दीत देऊ नका, असं मी सगळ्या ग्रामसंघांना सांगते. कोणाला हे जुनाट वाटतं, वाटू दे. ॲपमध्ये माहिती भरणारी एकच ताई असते. बैठकीत वही मध्ये ठेवलेली असते तेव्हा दहा जणींचे डोळे तिच्यावर असतात. ॲपमधला आकडा आणि वहीतला आकडा महिन्यातून एकदा मोठ्याने वाचावा. जिला वाचता येत नाही तिलाही आपण किती भरले हे तोंडपाठ असतंच.

आणि आधार. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात एका आदिवासी बहिणीला दिला गेला. कॉड म्हणाला होता ती 'एक खूण' म्हणजे हीच. सगळ्या वह्यांना जोडणारा दोरा. दोरा मजबूत असला तरी ज्या पानांना तो शिवला ती पानं चुकीची असली तर चूकच पक्की शिवली जाते. २०२४ च्या जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये सुरू झाले, तेव्हा आधार जोडलेल्या खात्यासाठी बँकेपुढे किती रांगा लागल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या खात्यांच्या याद्यांशी पडताळणी झाली आणि सुमारे २६ लाख नावं थांबवली गेल्याचं सरकारने सांगितलं. त्यात पुरुषांचीही नावं निघाली. मग ई-केवायसी आली, आणि त्यात बाईच्या आधारासोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला. ज्या बहिणीला नवरा नाही आणि वडीलही नाहीत तिने त्या रकान्यात काय लिहायचं? दीडशे वर्षांपूर्वी पटवाऱ्याने कर्ता पुरुष लिहिला होता. रकाना तसाच राहिला, फक्त पडद्यावर आला.

शेतकरी ओळख क्रमांकाचंही असंच. ॲग्रीस्टॅक म्हणतात त्याला. शेतीच्या योजनांसाठी २०२५ पासून हा क्रमांक लागतो आणि तो सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा तर २०२५ च्या हंगामापासून कपास किसान ॲपवर नोंदणी, तिथेही जमिनीचा कागद. कापूस वेचणारे हात बहुतेक बायांचे आणि नोंदणी सातबारावाल्याची. याच २०२५ सालात एक चांगली मोहीमही निघाली. बुलढाणा जिल्ह्यात सुरू होऊन १ एप्रिलपासून राज्यभर गेलेली 'जिवंत सातबारा'. मेलेल्या खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची. त्यात विधवा बहिणींनी आणि लेकींनी आपली नावं लावून घेतली असतील तर आजचा माझा अर्धा वेळ कारणी लागला. राहिली असतील तर वारस नोंदीचा अर्ज एरवीही करता येतो, मोहिमेची वाट पाहायची गरज नाही.

शेवटी सोसायटी. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या ६३,००० सोसायट्यांचं संगणकीकरण मंजूर केलं. खर्च २,५१६ कोटी, मुदत पाच वर्षं, काम नाबार्डच्या देखरेखीखाली. सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर, तेच ईआरपी. खत, कर्ज, शेअर, हिशोब एकाच ठिकाणी, आणि वर जिल्हा बँकेशी जोडलेलं. सॉफ्टवेअर सुरू करायच्या आधी एक तारीख ठरवतात आणि त्या दिवशीची प्रत्येक सभासदाची बाकी जुन्या खतावणीतून नव्यात उतरवतात. त्या दिवशी जे चुकीचं उतरलं ते पुढे व्याजासकट वाढतं. म्हणून आपली सोसायटी संगणकावर गेली असेल तर त्या तारखेची आपली बाकी किती धरली, हे सचिव साहेबांकडून लेखी घ्या. जुनं पासबुक जपून ठेवा, नवं मिळालं तरी.

सोसायटीत सभासदांचं रजिस्टर असतं, त्याला 'आय' नमुना म्हणतात, आणि सभासदांची यादी असते तिला 'जे' नमुना. कोणत्याही सभासदाला ते पाहता येतं. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. नवऱ्याच्या मागे शेअर आपल्या नावावर झाला का, नाव आधारप्रमाणे आहे का, हे त्या यादीत पाहायचं. सभेला जाताना दोघी-तिघी मिळून जा, आणि आधार, बँक पासबुक, सातबारा, तिन्हींच्या नकला एकाच पिशवीत असू द्या.